वऱ्हाडचें ऊन आणि खिडकीची कांच

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यांत शेलूबाजार नांवाचें गांव आहे. नागपुराकडून कारंजें, मालेगांव, मेहकर अशीं गांवें घेत पश्चिमेकडे जाणारा जुना रस्ता या गांवावरून जातो. अलीकडचा समृद्धि महामार्गहि त्याच्या जवळूनच गेलेला आहे. नांवांतच बाजार असलेल्या अशा गांवीं रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवीं घरें नि दुकानें उठतात आणि त्यांच्या तोंडावर कांच असते. कोठें ती स्वच्छ पांढरी, कोठें निळसर, कोठें काळी, तर कोठें समोरच्या माणसाला त्याचेंच तोंड दाखविणारी. पण याच भागांत मातीचीं जीं जुनीं घरें अजून उभीं आहेत, त्यांच्या खिडक्यांना कांच नाहीं. हात-दीड हात जाडीची भिंत, वर मातीचें धाबें, भिंतींत उंचावर एखादा झरोका आणि खालीं लाकडी झडपेची लहानशी खिडकी, एवढाच त्या घराचा उजेडाशीं व्यवहार. पहिल्या घराच्या धन्याजवळ पैसा होता व दुसऱ्याच्या धन्याजवळ नव्हता, इतकाच हा भेद आहे असें वाटणें साहजिक आहे. इतिहास मात्र निराळें सांगतो.

कांच ही वस्तु महाराष्ट्राला नवी नव्हती. नेवासें, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी या ठिकाणीं झालेल्या उत्खननांत प्राचीन कांचेचे मणी निघाले आहेत. त्यांतले कित्येक सातवाहनांच्या काळचे आहेत. बहामनी काळच्या थरांत रंगीबेरंगी बांगड्यांचे तुकडेहि सांपडतात. बांगड्या करणाऱ्या कांचाऱ्यांची एक जातच होती, आणि सणावारीं कांचेची बांगडी भरल्यावांचून सुवासिनीचा हात अपुरा मानण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. म्हणजे कांच गळ्यांत होती, हातांत होती. भिंतींत तेवढी नव्हती.

बरें, कांचेला लागणारें साहित्य दुर्मिळ होतें म्हणावें, तर तसेंहि नाहीं. साध्या कांचेंत शंभरांत ७० हून कांहीं अधिक भाग वाळू, १३ ते १५ भाग सोडा आणि दहाएक भाग चुना असतो. नुसती शुद्ध वाळू वितळविण्यास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. सोडा मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते, परंतु अशा कांचेला पाणी लागलें कीं ती विरघळूं लागते. चुना घातला म्हणजे तिला टिकाऊपणा येतो. वाळू व चुना सर्वत्र आहेत. अवघड काय तो सोडा, आणि तो शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारच्या खाऱ्या सरोवरांत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें 'आईन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना लोणारची नोंद घेतली, आणि कांच व साबण करण्यास लागणारें साहित्य त्या भागांत मिळतें, असें लिहून ठेविलें. शेलूबाजाराहून मेहकरच्या वाटेला लागलें म्हणजे हें सरोवर कांहीं फार दूर राहत नाहीं.

मग वऱ्हाडच्या खिडकीला कांच कां नव्हती? याचें उत्तर ऋतूंत आहे. वैशाखांत येथला पारा ४४-४५ अंशांपर्यंत सहज चढतो. अशा प्रदेशांत उजेड आंत घेणें हें खिडकीचें पहिलें काम नसतें. ऊन बाहेर ठेवणें, रात्रींचा वारा आंत घेणें आणि चुलीचा धूर बाहेर सोडणें, हीं तिचीं खरीं कामें. दिवसां झडपा लावून घ्याव्या, सूर्य मावळला म्हणजे उघडाव्या, ऐपत असल्यास दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारावें, ही रीत पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें ठरलेली होती. संस्कृतांत खिडकीला 'वातायन' म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. 'गवाक्ष' म्हणतात, म्हणजे बैलाचा डोळा. 'तावदान' हा शब्द मागाहून फारशींतून आला.

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. त्याच काळांतलें मानलें जाणारें एकोणिसावें लेणें म्हणजे एक चैत्य आहे, आणि त्याच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालाच्या आकाराची भव्य खिडकी आहे. आंतल्या स्तूपावर उजेड पडतो तो तिच्यांतून, आणि वारा येतो तोहि तिच्यांतूनच. मणी ओवणाऱ्या आणि बांगड्या ओतणाऱ्या देशांत त्या खिडकीला तावदान बसवावें असें कोणाला सुचलें नाहीं. सुचण्याचें कारणहि नव्हतें.

या व्यवस्थेची किंमत मात्र द्यावी लागे. लाकडी झडप वारा आणि उजेड या दोघांनाहि एकदमच आंत घेते किंवा एकदमच बाहेर घालविते. आषाढ-श्रावणांत झड लागली म्हणजे पावसाचा मारा चुकविण्यासाठीं खिडकी लावावी, तर भर दुपारीं माजघरांत दिवा लावण्याची पाळी येई. धान्य निवडणारी बाई, पाटी घेऊन बसलेला मुलगा, बाजेवर पडलेलें आजारी माणूस, या सर्वांना तो अंधार भोगावा लागे. जुन्या घरांच्या थंडाव्याची स्तुति करणारे लेखक ही गोष्ट सहसा सांगत नाहींत. कांचेनें घरांत येऊन प्रथम जें केलें तें हेंच कीं, वारा व पाऊस बाहेर ठेवून तिनें उजेड तेवढा आंत घेतला. उजेडाबरोबर येणारी उष्णता मात्र तिला निराळी काढतां येईना, आणि वऱ्हाडच्या दृष्टीनें कांचेची सारी कथा या एका उणिवेभोंवतीं फिरते.

थंड देशांना ही उणीव कधीं वाटलीच नाहीं. सूर्याचे किरण आंत सोडून घरांतली ऊब बाहेर न जाऊं देणारी वस्तु त्यांना वरदानासारखी होती. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीनें गाडलेल्या पाँपेई नगरांत कांचेचीं तावदानें सांपडलीं आहेत; तीं जाड, हिरवट आणि धुरकट असत. पुढें फुंकून केलेली कांच आली. तिच्या एका जातींत कारागीर लोखंडी नळीनें कांचेचा फुगा फुंकी, तो दुसऱ्या सळईला चिकटवून पुन्हा तापवी आणि गरगर फिरवी. फिरण्याच्या ओढीनें तो फुगा उलगडून मोठ्या परातीसारखा सपाट होई. या परातीच्या मध्यावर, सळई जेथून तोडली तेथें, एक जाड गांठ राही. तिला इंग्रज लोक 'बैलाचा डोळा' म्हणत! गवाक्ष शब्दाचा अर्थ ज्यांच्या ध्यानांत राहिला असेल, त्यांना या योगायोगाची मौज वाटेल. ती गांठ असलेला तुकडा गरिबाला स्वस्तांत मिळे.

दुसऱ्या जातींत फुग्याचें लांब नळकांडें करीत, त्याचीं टोकें कापून टाकीत, अंगाला उभी चीर देत आणि भट्टींत तें चटईसारखें पसरीत. १८५१ सालीं लंडनच्या प्रदर्शनासाठीं जोसेफ पॅक्स्टननें जो स्फटिकप्रासाद उभारला, त्याचीं सुमारें ३ लक्ष तावदानें या नळकांड्याच्या कांचेचीं होतीं. तिसरी जात श्रीमंतांची. फ्रान्समध्यें १६६५ सालीं स्थापन झालेल्या, आणि पुढें सँ-गोबँ या नांवानें प्रसिद्धि पावलेल्या कारखान्यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस धातूच्या मेजावर वितळलेली कांच ओतून, लाटून, घांसून आणि चकाकी देऊन मोठमोठे तक्ते काढले. दोन्ही बाजू घांसण्यांत इतके श्रम पडत कीं, तो माल राजवाड्यांनाच परवडे. इंग्लंडांत तर १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत, आणि लोक कर चुकविण्यासाठीं खिडक्या विटांनीं बुजवून टाकीत. १७४५ पासून १८४५ पर्यंत खुद्द कांचेवरहि कर होता. उजेडावर कर बसविण्याइतका ज्या देशांत त्याचा तुटवडा, त्या देशानें कांचेवर बुद्धि खर्चावी यांत नवल नाहीं.

आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर तावदानाचें काम दुसऱ्याच एका वस्तूनें केलें. गोव्यांतील पोर्तुगीज अमदानीच्या घरांना व प्रार्थनामंदिरांना शिंपल्यांच्या खिडक्या असत. एका चपट्या, पातळ शिंपल्याचे लहान लहान चौकोन कापून ते लाकडी पट्ट्यांच्या खांचांत एकावर एक सरकवीत, आणि अशा शेंकडों चौकोनांची एक झडप होई. जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमध्यें अशी खिडकी पाहावयास मिळते. तिच्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. त्यांत डोळे दिपत नाहींत, उन्हाचा कवडसा जमिनीवर पडत नाहीं आणि बाहेरच्या माणसाला आंतलें दिसत नाहीं. उष्ण देशाला साजेलसें तावदान म्हणावें तर हेंच. पण या शिंपल्यांतून बाहेर पाहतां येत नाहीं, कारागिराला वेळ फार लागतो, आणि पुढें कांच स्वस्त झाली. या तिन्ही कारणांनीं ती कला मागें पडली. आतां तर हा शिंपला वन्यजीवांच्या कायद्यानें संरक्षित आहे.

वऱ्हाडांत तावदान आलें तें आगगाडीच्या मागून. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत तिकडचा कापूस बंद झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचें मोल आलें, आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी याच कापसाच्या मुलखांतून नागपुरास पोंचली. गांठी मुंबईस जाऊं लागल्या आणि उलट दिशेनें विलायती माल येऊं लागला. त्यांत कापड होतें, घासलेट होतें, आणि गवतांत गुंडाळून पेट्यांत भरलेली कांचहि होती. ही कांच बहुतेक युरोपांतली, आणि तींतहि बेल्जियमची प्रसिद्ध. 'बेल्जम कांच' म्हणजे उत्तम कांच, असा अर्थ महाराष्ट्रांतल्या घराघरांत रूढ झाला तो त्या काळापासून.

पेठांतील व्यापाऱ्यांनीं ही कांच वापरली कशी, हें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं झडपा काढल्या नाहींत. दाराच्या माथ्यावर अर्धवर्तुळाची चौकट करून तींत तांबड्या, हिरव्या, निळ्या, पिवळ्या कांचा बसविल्या. खालीं सागवानी फळ्या तशाच राहिल्या. लोखंडाच्या अंशानें हिरवा, कोबाल्टनें निळा, तांब्यानें तांबडा असे हे रंग धातूंनीं येतात, म्हणून ते उन्हानें विटत नाहींत. दिवसां झडप लावली तरी माथ्यावरून रंगीत उजेडाचा पट्टा आंत येई, आणि वर छज्जा असल्यामुळें ऊन तेवढें कांचेवर पडत नसे. या गृहस्थांना कांचेची परदेशी हौस होती हें खरें, पण ती त्यांनीं येथल्या उन्हाला ओळखून पुरविली. त्यांच्या नातवंडांना तेवढा धीर उरला नाहीं.

ही कांच देशांतच कां होऊं नये, हा प्रश्न स्वदेशीच्या चळवळीनें विचारला. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकानें वर्षाकांठीं एक पैसा द्यावा आणि त्या पैशांच्या राशींतून देशी धंदे उभे करावे, अशी ती साधी योजना होती. तिची पुष्कळांनीं थट्टा केली. लोकमान्य टिळकांनीं मात्र ती उचलून धरली. १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच-कारखाना सुरू झाला. परदेशांत कांचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं त्याची मांडणी केली. त्याच सालीं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेण्यांत आलें. भट्टी मात्र पेटलेली राहिली. हा कारखाना नुसता माल काढणारा नव्हता, ती एक शाळा होती. येथें फुंकणी धरावयास शिकलेले तरुण पुढें देशांतल्या अनेक कारखान्यांत पसरले. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं औंध संस्थानच्या हद्दींत, कऱ्हाडजवळ, आपला कांच-कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील ज्याच्या घरीं लागला नाहीं असें खेडें महाराष्ट्रांत क्वचितच असेल.

तरी पण या भट्ट्यांतून मुख्यतः निघाल्या त्या दिव्यांच्या चिमण्या, हंड्या, बरण्या आणि पेले. तावदान तळेगांवच्या पैशांतून निघण्यासारखें नव्हतें, याचें कारण कांचेच्या स्वभावांतच आहे. चिमणी गोल असते आणि श्वासालाहि गोल आकारच साधतो. सपाटपणा मात्र कांचेकडून बळेंच करवून घ्यावा लागतो. नळकांडें फुंकून तें उलगडणारे निष्णात कारागीर तयार होण्यास वर्षें लागतात. आणि तळेगांवची पहिली पिढी शिकते न शिकते तोंच ती विद्याच यंत्रानें निकालांत काढली. बेल्जियममध्यें एमिल फूर्को या गृहस्थाची पद्धति १९१४ च्या सुमारास व्यवहारांत आली. वितळलेल्या कांचेच्या कुंडांत मातीची एक लांबट होडी दाबून धरीत. तिच्या तळाच्या फटींतून कांच वर येई, ती लोखंडी पट्टीनें पकडून उभ्या मनोऱ्यांत रुळांच्या जोड्यांमधून सरळ वर ओढून घेत, आणि मनोऱ्याच्या माथ्यावर तक्ते कापून काढीत. दुधावरची साय बोटानें उचलावी तसा हा प्रकार. परंतु ही साय महिनोन् महिने रात्रंदिवस ओढावी लागते, त्यासाठीं प्रचंड कुंड तापत ठेवावें लागतें, आणि तेवढ्या मालाला बाजार लागतो. एकेका पैशानें मुशींची भट्टी उभी राहूं शकली. असलें कुंड उभें राहिलें नसतें.

वार्ष्णेय पुढें संयुक्त प्रांतांत गेले आणि बहजोईच्या त्यांच्या कारखान्यांत खिडकीच्या कांचेनें या देशांत मूळ धरलें. परदेशी मालापुढें टिकाव लागावा म्हणून संरक्षक जकातीची मागणी झाली. टॅरिफ बोर्डानें १९३२ सालीं ती उचित ठरविली. सरकारनें तीन वर्षें विचार केला आणि १९३५ सालीं शिफारस फेटाळली. कारण काय, तर कांचेला लागणारा सोडा हिंदुस्थानांत होत नाहीं, तो बाहेरून आणावा लागतो, म्हणून हा धंदा या देशाला स्वाभाविक नव्हे! आयात सोड्याच्या जकातींत कांहीं सूट तेवढी पदरांत पडली. लँकेशायरच्या शेतांत कापसाचें एक बोंडहि पिकत नव्हतें. पण तेथला कापडाचा धंदा अस्वाभाविक आहे असें कोणत्याहि सरकारनें म्हटलें नाहीं. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला तरी हें उघड दिसण्यासारखें होतें. लोणारचा क्षार नव्या भट्ट्यांना पुरला असता असें नव्हे. तो थोडा, आणि शुद्ध करण्यास खर्चाचा. पण सोडा मिठापासूनहि करतां येतो, आणि मिठाला या देशांत तोटा नव्हता. १९३९ सालीं मिठापूर येथें टाटांचा रासायनिक कारखाना स्थापन झाला, तेव्हां ती सबब उरली नाहीं. स्वातंत्र्यानंतर बंगालमध्यें आसनसोल येथेंहि तक्त्यांच्या कांचेचा मोठा कारखाना निघाला, आणि गांवोगांवच्या नव्या शाळा, कचेऱ्या व घरें यांच्या खिडक्यांत देशी तावदानें दिसूं लागलीं.

ओढलेल्या कांचेंत एक दोष राही. रुळांच्या ओढीनें तींत लाटा उठत, आणि पलीकडचा रस्ता हलत्या पाण्यांतून पाहिल्यासारखा दिसे. हा दोष घालविण्याचा मार्ग अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन या इंग्रज यंत्रज्ञास १९५२ सालीं सुचला. वितळलेल्या कथिलावर वितळलेली कांच सोडली, तर ती तेलासारखी तरंगेल, आणि खालचें कथिल व वरची हवा या दोहोंच्या मध्यें तिचीं दोन्ही अंगें आपोआप सपाट होतील. कल्पना चार ओळींची; ती साधण्यास सात वर्षें आणि अपार पैसा लागला. १९५९ सालीं ही पद्धति जाहीर झाली. कथिल २३२ अंशांवर वितळतें आणि कांच कडक होण्याइतकी निवेपर्यंत पातळच राहतें, म्हणूनच हें जमतें. मोकळी सोडल्यास ही तरंगती कांच स्वभावतः पाव इंचाच्या आसपास जाडीची होते. तिला पातळ वा जाड करण्यासाठीं ओढावें किंवा अडवावें लागतें. १९९० नंतरच्या दशकांत गुजरातेंत अंकलेश्वराजवळ आणि महाराष्ट्रांत तळोजें येथें अशी कांच होऊं लागली. आज दुकानांत जी 'फ्लोट' म्हणून मागतात ती हीच. घांसून चकाकी दिलेली जी कांच पूर्वीं राजांनाच मिळे, तिच्या तोडीची कांच आतां शेलूबाजारच्या किराणा दुकानालाहि मिळते.

ही कांच दिसावयास निर्दोष असली तरी एका बाबतींत ती जुन्या कांचेसारखीच आहे. ती फुटली म्हणजे सुऱ्यासारख्या धारेचे लांब तुकडे होतात. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां दूर दूरच्या इमारतींच्या खिडक्या खळाखळा फुटल्या. आगीची झळ न लागलेलीं माणसें कांचेनें रक्तबंबाळ झालीं. या भयावर दोन उपाय पूर्वींच निघाले होते. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुसच्या प्रयोगशाळेंत कांचेची एक कुपी खालीं पडली आणि आंत वाळलेल्या चिकट लेपामुळें तडकूनहि विखुरली नाहीं; तेवढ्यावरून त्यानें दोन तक्त्यांमध्यें पापुद्रा घालून चिकटविलेली कांच काढली. ती फुटली तरी जागच्या जागीं राहते, म्हणून चोराला व मुलाला दोघांनाहि अडविते. दुसरी कडक केलेली कांच, जिला बाजारांत 'टफन' म्हणतात. साधा तक्ता सहाशें अंशांहून अधिक तापवून त्यावर एकदम थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधीं गोठतो, आंतला मागाहून आकसतो, आणि बाहेरचा थर कायमचा दाबांत राहतो. ती साध्या कांचेच्या चार-पांच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. मात्र एकदां कडक केली म्हणजे तिला हिरकणी लावतां येत नाहीं. कापणें, भोकें पाडणें सारें आधीं उरकावें लागतें. घराचें कांचेचें दार, जिन्याचा कठडा, न्हाणीघराचा आडोसा, गुडघ्याखालीं आलेली खिडकी, एवढ्या ठिकाणीं तरी या दोहोंपैकीं एक जात हवी. भारतीय मानक २५५३ हें याच कांचांविषयीं आहे आणि कांचेच्या कोपऱ्यांत त्याची खूण पाहतां येते. दोन-चारशें रुपये वांचविण्यासाठीं दाराला साधी कांच लावणारा गृहस्थ पोरांच्या धांवण्याचा हिशेब करीत नाहीं. न्हाणीघराची दाणेदार कांचहि नक्षीच्या रुळांतून काढलेली साधीच कांच असते; ती आडपडदा करते, सुरक्षितता देत नाहीं.

राहतां राहिली ती उष्णता. पातळ स्वच्छ कांचेवर सरळ पडलेल्या उन्हापैकीं शंभरांत ऐशींहून अधिक भाग आंत येतो. त्यानें भिंती, फरशी, सामान तापतें. पण तापलेल्या वस्तूंतून जी उष्णता बाहेर पडते ती निराळ्या जातीची असते आणि कांच तिला जाऊं देत नाहीं. रोपवाटिकेंतल्या कांचघराला या गुणाचाहि उपयोग होतो, आणि वैशाखांतल्या वऱ्हाडी घरांत हाच गुण जिवावर उठतो. काळी किंवा निळी कांच लावली म्हणजे ऊन अडेल, असा पुष्कळांचा समज आहे. ती कांच ऊन शोषून घेते खरी, पण मग स्वतःच तापते आणि त्या उष्णतेचा वांटा घरांत सोडते. हात लावून पाहिला तर तव्याची आठवण होते. मिळतो तो अंधार पुरेपूर, थंडावा मात्र थोडा. आणि त्या अंधारावर उतारा म्हणून दिवसां वीज जाळावी लागते. आरशासारखी कांच कांहीं ऊन परतविते, पण रात्रीं दिवे लागले कीं तिचा आरसा आंतल्या बाजूला होतो आणि रस्त्यावरच्यांना सारें घर दिसतें. पश्चिमेच्या खिडकीला हा दोष जाणवतो, कारण तेथें मावळतीचें ऊन आडवें येतें.

उजेड आणि उष्णता यांची फारकत खरोखर करणारी कांच निघाली ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत. तिच्यावर चांदीसारख्या धातूचा इतका पातळ थर देतात कीं तो डोळ्याला दिसत नाहीं. दृश्य प्रकाश त्यांतून पार होतो आणि उष्णतेचे किरण पुष्कळ अंशीं परततात. हा थर हवेनें बिघडतो, म्हणून बहुधा दोन तक्त्यांच्या बंद पोकळींत आंतल्या अंगाला ठेवतात. शहरांतल्या मोठ्या कचेऱ्यांना ती लागली आहे. साध्या घराला तिची किंमत झेपत नाहीं. ज्याला झेपत नाहीं त्यानें ऊन कांचेपर्यंत पोंचूंच देऊं नये. खिडकीबाहेर हातभर छज्जा, पडवी, झाड किंवा बांबूची चीक, यांनीं अडविलेलें ऊन घरांत येत नाहीं. तोच पडदा कांचेच्या आंत लावला तर ऊन आंत आल्यावर त्याला अडविण्यासारखें होतें.

कारंज्यासारख्या पेठांत जुने वाडे पाडतात, तेव्हां सागवानी तुळया, खांब आणि दारें यांना गिऱ्हाईक मिळतें. दाराच्या माथ्यावरची रंगीत कांच सोडवून घेणारा मात्र क्वचित् भेटतो. जुनी लांबी दगडासारखी झालेली असते आणि चौकट हलवितांना कांच तडकते. कधीं एखादा तुकडा शाबूत निघाला आणि त्याचें एक टोक दुसऱ्याहून जाड दिसलें, तर कांच वर्षानुवर्षें ओघळत खालीं आली, असें जाणते लोकहि सांगतात. तसें कांहीं नाहीं. त्या काळच्या कांचेची जाडी मुळांतच सारखी नसे, आणि सुतारानें तिचा जड भाग बहुधा खालीं ठेविला असावा. तो तुकडा उन्हांत धरला म्हणजे आंत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात, आणि पलीकडचा रस्ता किंचित् वांकडा होतो.